तुळस सोडून

परळ
२० जून २०२३

चि. सौ. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

तू घरातल्या सगळ्यांचे नंबर बंद करून ठेवलेस. कमलच्या फोनवरून लावला तर उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतो.

अँटॉप हिलच्या क्वार्टर्सचा पत्ता कमलने दिला. तिच्यावर रागावू नकोस. शेजारीण आहे, मी मागितल्यावर किती दिवस नाही म्हणेल?

तुझ्या झाडांचं लिहायचं आहे. तुझी ती रंगीत निवडुंगाची बोंडं मागच्या गॅलरीत फळीवर तशीच आहेत. मला ती कधीच आवडली नाहीत. घरात काटेरी झाड ठेवू नये असं सगळे म्हणतात, मी त्यासाठी कधी बोलले नाही. मला रंग बघवत नाहीत. गुलाबी आहे ते दात पडलेल्या हिरडीसारखं. पिवळं पिकलेल्या फोडासारखं. लाल आहे ते मटणवाल्याकडे लोंबतं तसं. हिरव्या बोटावर कोणीतरी दुसऱ्याचा अवयव आणून बसवावा तशी दिसतात. तू त्यांच्यासमोर उभं राहून चहा कसा प्यायचीस, मला कळत नाही.

मी खानावळ चालवलेली बाई. गिरणीतल्या माणसांसाठी रोज पाटीभर बांगडे साफ केले. आतड्यांची मला किळस आली नाही. मासा मेला की मेल्यासारखा दिसतो. तुझी झाडं बघून काहीच कळत नाही.

झाडं तिच्याकडे द्या, असा निरोप तू कमलकडे पाठवलास. देणार नाही. हवी असतील तर घरी ये. न्यायला नाही, राहायला. तोवर मी जगवते. रोज अंघोळ झाली की तुळशीला घालते, त्याच तांब्यातलं त्यांनाही घालते.

तू कारण सांगितलं नाहीस. माझा हितू पीत नाही. तुझ्यावर हात टाकला नाही. बाहेर काही भानगड नाही. नोकरी गेली हे खरं, पण ती पुष्कळांची गेली. चाळीत बायका विचारतात. सरकारी घर मिळालं म्हणून गेली, असं सांगते. ते खरं असेल तर मला तुझी किळस येते. खरं नसेल तर जे आहे ते लिही.

आई

&nbsp;

अँटॉप हिल
२६ जून २०२३

ती. आईंस,
सा. न.

पत्र मिळालं. फाडलं नाही.

झाडांना रोज पाणी घालू नका. तुळशीचं त्यांना चालत नाही. आता पावसाळा आहे, तो संपेपर्यंत घालूच नका. गॅलरीवर पत्रा आहे म्हणून ती सुरक्षित आहेत, नाहीतर हवेतल्या ओलीनेही कुजतात.

तुम्हाला ती दुसऱ्याचा अवयव लावल्यासारखी दिसतात. तसंच आहे. वरचं रंगीत बोंड हे वेगळं झाड. त्यात हिरवं काही नसतं, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. खालचं तिधारी खोड दुसऱ्या झाडाचं, ड्रॅगन फ्रूटचं. दोन्ही कापून एकावर एक बांधतात. खालच्या खोडाला बाजूने फुटवे येतात, ते दिसले की काढून टाका, नाहीतर वरचं सुकतं. फळीच्या शेवटी हिरव्यावर गुलाबी-पिवळे चट्टे असलेलं आहे, ते तेवढं स्वतःच्या मुळांवर आहे.

काट्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढा.

माती हाताळताना हातमोजे घाला. माझे निळे मोजे मोरीवरच्या फळीवर आहेत. हे विसरू नका.

कारण विचारू नका. सांगितलं तर तुम्हाला ते कारण वाटणार नाही.

मी येणार नाही.

वैदेही

&nbsp;

परळ
९ जुलै २०२३

चि. सौ. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

पुढचं पत्र कमलच्या नावाने पाठव. आमच्या बाजूला पोस्टमन नीट देत नाही.

तुझी दोन झाडं गेली. एक पिवळं, एक केशरी. सकाळी बघितलं तर पिवळं बोंड मान टाकून पडलेलं. हात लावला तर खालचं खोड बोटात आलं. आत काही नव्हतं, नुसता तपकिरी लगदा. उपटलं तर मुळं सुटून आली, उंदराच्या शेपट्यांसारखी. आणि वास. मासळीचा वास मला परका नाही, नासलेल्या दुधाचा नाही. हा वेगळा होता. नाकात चढणारा. मी दोनदा साबणाने हात धुतले आणि तरी जेवताना आला.

हातमोजे घातले नाहीत. तू काय समजतेस मला? मी शेणाने सारवलेली जमीन बघितली आहे. मातीला हात लावायला मोजे घालणारी तू.

ढेकूण सापडले. कापूसच वाटला, चिरडल्यावर लाल निघालं. स्पिरिट आणलं आणि बसून एकेक पुसला. कमल दारातून बघत होती. म्हणाली, "काय गो, सुनेच्या पोरांच्या उवा काढतेस?" मी म्हटलं, पोरं झाली असती तर त्यांच्या काढल्या असत्या. हे तुला लागावं म्हणून लिहिलं आहे.

पाणी रोज घालत होते, थोडं. आता विचार येतो की माझ्याच हाताने कुजली की काय. तू आधी सांगितलं होतंस. तुळशीला घालायचं आणि बाजूच्याला नाही, हे मला जमत नाही. हात आपोआप वळतो.

हितू म्हणतो, फेकून दे सगळी, जागा मोकळी होईल. मी म्हटलं, तिची आहेत, ती येईल न्यायला. चांगला आहे गं तो. माझ्या गोळ्या वेळेवर आणतो. सकाळी मी तुळशीची दोन पानं घालून चहा करते, पहिला कप त्यालाच देते. दुपारी घरीच असतो, मला म्हणतो, "आई, तू पड जरा, मी आहे."

आई

&nbsp;

अँटॉप हिल
१४ जुलै २०२३

ती. आईंस,
सा. न.

पाण्यानेच कुजली असतील. बंद करा.

कमलताईंबरोबर ड्रॅगन फ्रूटच्या खोडाचे चार तुकडे पाठवते आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून. कोपऱ्यातलं गुलाबी बोंड मला वाचवायचं आहे. लॉकडाऊन उठल्यावर दादरच्या फुटपाथवरून पहिलं आणलेलं तेच. त्याचं खालचं खोड पिवळं पडत असेल तर वाट बघू नका, वरचं काढून नव्या खोडावर बांधा. असं करायचं:

धारेची सुरी स्पिरिटने पुसून घ्या. नव्या खोडाचं टोक आडवं, सपाट कापा. गुलाबी बोंड खालच्या बाजूने तसंच कापा. दोन्हीत मध्ये एक गोल कडी दिसेल. कडीवर कडी आली पाहिजे. पूर्ण नाही आली तरी एका बाजूने तरी टेकली पाहिजे. वरून कुंडीसकट रबर बँड लावा, एक उभा, एक आडवा. मग आठवडाभर सावलीत. हात लावून बघत बसायचं नाही.

उरलेली माती फेकून द्या, कुंड्या उकळत्या पाण्याने धुवा. हातमोजे घाला, आई. तिसऱ्यांदा सांगायला लावू नका. आणि तुळशीला हात लावायच्या आधी हात साबणाने धुवा.

पोरांबद्दल लिहिलंत ते लागलं. तुम्हाला ते कळावं म्हणून लिहिते आहे.

वैदेही

&nbsp;

परळ
६ ऑगस्ट २०२३

चि. सौ. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

बांधलं.

सुरी नव्हती धारेची, कांदा कापायची विळी घासून घेतली. खोड कापलं तर भेंडीसारखी तार सुटली. गुलाबी बोंड कापलं, आतून पण गुलाबीच. मला वाटलं होतं, आत तरी बरा रंग असेल. दोन्ही ओली तोंडं एकमेकांवर ठेवली. सरकत होतं. कडी सापडेना, चष्मा लावला तेव्हा दिसली. दुधाच्या पिशव्यांचे रबर लावले. आठवडाभर माझ्या खाटेखाली ठेवलं. काल रबर काढले. हलवलं, हललं नाही. धरलं आहे.

कमलला दाखवलं. ती म्हणाली, "ह्याच्यापेक्षा मेथी लावली असतीस तर भाजी झाली असती." तिला काय कळतंय.

झाडावरून तू मला माणसांचं काही सांगायला जाऊ नकोस. कोण कोणावर जगतं वगैरे. तुम्ही शिकलेल्या पोरी तसलं लिहिता. झाड ते झाड.

आता खरं सांगायचं ते. तुझं पत्र आल्यापासून मी फळीवरच्या एकाही कुंडीत थेंब घातलेला नाही. तुझी शपथ. तरी माती ओली. सकाळी सुकी असते, संध्याकाळी बघावं तर ओली. पाऊस नसतो तेव्हासुद्धा. कुंड्यांच्या कडांवर पांढरट खार बसलाय, खरवडला तरी परत येतो. आणि तो वास जात नाही. आणखी तीन गेली. तुझं ते चट्ट्यांचं पण मुळापासून काळं पडलं.

मी शोधून काढलं. वरच्या मजल्यावर आनंदीबाईंची मोरी आपल्या गॅलरीच्या बरोबर वर येते. तीच गळते. पत्र्याच्या जोडातून घाण पाणी थेट कुंड्यांत. काल मी वर जाऊन भांडून आले. सगळा मजला बाहेर आला होता. मी म्हटलं, म्हातारपणी तरी लाज बाळगा, दुसऱ्याच्या घरात मुताचं पाणी सोडता. ती नुसती बघत राहिली. चोर असाच गप्प राहतो.

हितूला सांगितलं, तू पण जा आणि बोल जरा. तो म्हणाला, "कशाला आई, म्हातारी आहे ती."

आई

&nbsp;

अँटॉप हिल
११ ऑगस्ट २०२३

ती. आईंस,
सा. न.

आनंदीबाईंची माफी मागा. त्यांची मोरी गळत नाही.

दुपारी जेवल्यावर पडाल तेव्हा झोपू नका.

वैदेही

&nbsp;

परळ
१९ ऑगस्ट २०२३

वैदेही,

झोपले नाही.

भिंतीकडे तोंड करून पडले होते. तो उठला. माझ्याजवळ येऊन उभा राहिला, मी झोपले का ते बघितलं. मग गॅलरीत गेला. दार लोटलं, पण ते पूर्ण लागत नाही, तुला माहीत आहे. मी मान वळवली.

भर दुपार. समोरच्या टॉवरवर माणसं काम करत होती, त्यांच्यासमोर. घाई नव्हती त्याला. एका कुंडीवर नाही, एकेकीवर, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जसं पाणी घालतात तसं. मी बांधलेल्या गुलाबी झाडापाशी थांबला. ते मी आदल्याच दिवशी बाहेर ठेवलं होतं.

मग आत आला, हात धुतले नाहीत, आणि म्हणाला, "उठलीस? चहा टाक ना."

मी चहा टाकला. दूध घातलं, साखर घातली. कप त्याच्या हातात दिला. नंतर मोरीत जाऊन ओकले.

विचारलं त्याला. त्याने उत्तर दिलं नाही.

तुला हे माहीत होतं. मोजे घाला म्हणालीस, हात धुवा म्हणालीस. पाण्यानेच कुजली असतील, असंही तूच लिहिलंस, आणि मी महिनाभर स्वतःला दोष दिला. उघड्या हातांनी मी ती माती उपसली. त्याच गॅलरीत माझी तुळस आहे. त्याच तुळशीची पानं मी रोज चहात घातली, देवाला वाहिली. नैवेद्यावर ठेवली. तू मला ते खाऊ दिलंस. मुलगा नालायक निघाला, पण तू? घरातली एक बाई दुसरीला एवढं सांगू शकली नाही? मला त्याची जास्त किळस येते की तुझी, ठरवता येत नाही.

आणि तरी मी त्याची आई आहे, म्हणून हेही लिहिते. संडास पार टोकाला आहे. तिथे कायम कोणी ना कोणी असतं. वडिलांना साखर होती, त्यालाही लागली असेल, धीर निघत नसेल. माणूस आळशी असतो. नोकरी गेल्यापासून तो कसाही वागतो. यासाठी कोणी नवरा सोडत नाही.

तुळस मी अजून उपटलेली नाही. हात होत नाही. चहा कोरा पिते.

&nbsp;

अँटॉप हिल
२४ ऑगस्ट २०२३

ती. आईंस,
सा. न.

यासाठी कोणी नवरा सोडत नाही, हे माझी आईही म्हणाली. तिला तरी अर्धंच सांगितलं होतं. बाकी कोणाला सांगितलंच नाही. काय सांगणार? तो मारतो म्हटलं की लोक गप्प होतात. हे सांगितलं की हसू दाबतात. म्हणून तुम्हालाही सांगितलं नाही. आणि न सांगण्याचं खरं कारण याहून वाईट आहे. तुमच्या मुलाचं हे तुम्हाला मी सांगावं, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नये, ते मला झेपलं नसतं. तुम्ही स्वतः बघावं अशी माझी इच्छा होती. त्यासाठी तुमचे हात त्या मातीत गेले. त्याची मला लाज आहे.

संडास लांब आहे, बरोबर. मोरी गॅलरीच्या दाराला लागून आहे. मोरी ओलांडून तो गॅलरीत जातो.

मागच्या वर्षी माझं प्रमोशन झालं, तुम्ही पेढे वाटलेत. त्यानंतरच्या शनिवारी मी कपडे काढायला गॅलरीत गेले आणि तो तिथे होता. मला बघून तो दचकेल असं वाटलं. थांबला नाही. माझ्याकडे बघत राहिला आणि संपेपर्यंत संपवलं. मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "झाडांना खत लागतं ना?" आणि हसला. जेवताना विचारलं, आज भेंडी केली नाहीस का? तेव्हापासून मी घरी असेन त्या प्रत्येक दिवशी. मी नसताना करायचा की नाही, मला माहीत नव्हतं. तुमच्या पत्रांवरून कळलं, मी गेल्यावरही करतो.

मी सकाळी कुंड्या धुवायची, माती बदलायची. तुम्हाला वाटायचं, हिला झाडांचं वेड आहे. रात्री तो शेजारी झोपायचा. मला त्याच्या अंगाला तो वास यायचा, अंघोळ करून आला असला तरी. होळीच्या दुसऱ्या दिवशी मला माझ्याच केसांना तो वास आला. त्या दिवशी बॅग भरली.

आता तुळशीचं. तिच्यापाशी जा आणि वास घ्या. माती चिमटीत घेऊन बघा. कुंडीच्या कडेला पांढरं आहे का बघा. फळी संपते तिथून ती हातभरावर आहे. माझ्या सबंध काळात तिच्यावर एक थेंब पडलेला नाही. वाऱ्याच्या दिवशी तो बाजू बदलून उभा राहायचा, तिच्यावर उडू नये म्हणून. मी बघितलं आहे. तुमच्या चहात काहीही नव्हतं.

म्हणजे तो आळशी नाही, आई. आजारी नाही. काय कोणाचं आहे ते त्याला नीट कळतं.

इथे दोन खोल्या आहेत आणि संडास आत आहे. तुम्ही या. झाडं मेली तरी चालतील.

वैदेही

&nbsp;

परळ
२७ नोव्हेंबर २०२३

चि. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. गणपतीच्या आधी कमलच्या भावाच्या टेम्पोतून झाडं पाठवली, ती पोचल्याचं तिने सांगितलं. झाडांबरोबरचा डबा तू तिच्याकडे परत दिलास, त्यात रव्याचे लाडू होते. कडक झाले होते. खाल्ले.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुळशीपाशी गेले. जायला धीर होत नव्हता. वाकून वास घेतला. तुळशीचाच आला. माती चिमटीत घेतली, नाकाशी नेली. स्वच्छ. मला बरं वाटायला हवं होतं. मी तिथेच खाली बसले. ती माती घाण निघाली असती तर मी ते आळस नाहीतर आजार म्हणून पोटात घातलं असतं, हे मला तेव्हा कळलं.

मागच्या पत्रात एक लपवलं होतं. मी विचारल्यावर त्याने उत्तर दिलं होतं. म्हणाला होता, "खत आहे ते." तू तेच लिहिलंस तेव्हा कागद बाजूला ठेवावा लागला. तसाच हसलाही होता. लहानपणी तो असा हसला की मी त्याचा मुका घ्यायची.

आनंदीबाईंकडे गेले. सगळा मजला ऐकेल अशी भांडले होते, म्हणून माफीही दारात उभं राहून मागितली. म्हटलं, तुमची मोरी गळत नाही, माझी चूक झाली. ती म्हणाली, "माका म्हायत हा गो. वरसून पत्र्याच्या फटीतसून माका सगळा दिसता. पण सांगू कोणाक? तुका?" मग आत बोलावून सोलकढी दिली. तिने मला कधीपासून बघितलं असेल, त्या कुंड्यांत हात घालून बसलेली. मी सोलकढी प्यायले आणि वर मान केली नाही.

तुळस मी आत आणली, गॅसच्या बाजूला. ऊन नाही, पानं गळतात. शुक्रवारी तिचं लग्नही तिथेच लावलं. ऊस भिंतीला टेकवला. चाळीतल्या बायकांना बोलावलं नाही. हितू आला, म्हणाला, "तुळस आत का आणलीस?"

मी म्हटलं, "तुला बाहेर मोकळी जागा हवी ना."

तो जेवला नाही. दोन दिवस वरळीला मित्राकडे जाऊन राहिला. मग परत आला, कपडे धुवायला टाकले, भात वाढून घेतला. असाच आहे. जाणार नाही. मी त्याच्या ताटाला हात लावत नाही, त्याचं तो घासतो. त्याचे कपडे काठीने बादलीत ढकलते. त्याच्याकडे बघितलं की मला तुझी ती कुजलेली खोडं आठवतात, बोट आत जाणारी. झाडावरून माणसांचं सांगू नको म्हणाले होते, आता मीच सांगते आहे. असो.

तू येऊ नकोस. मी हट्ट धरला होता, झाडांसाठी तरी येशील. तू आली नाहीस, बरं केलंस.

मीही येणार नाही. तुझ्याकडे संडास आत आहे हे ऐकून कमलला हसू आवरेना, पण येणार नाही. खोली माझ्या नावावर आहे. मी निघाले तर उद्या तो दुसरी करून आणेल. चांगला दिसतो, पीत नाही, आईच्या गोळ्या आणतो. कोणीही देईल. ती बिचारी येईल आणि या गॅलरीत काहीतरी लावेलच. मोगरा, मिरची, काहीही.

गुलाबी झाड पाठवलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ते देणार नाही. ते मी बांधलं आहे. त्याला बाजूने एक पिल्लू फुटलंय, गुलाबी, मसुराएवढं. दिसायला घाणच आहे.

फळीवर आता ते एकटंच असतं. त्याच्या शेजारी स्टूल टाकून मी दुपारभर बसते. झोपत नाही. जेवण झालं की तो उठतो, गॅलरीच्या दारापर्यंत येतो, मला बघतो. मोरीत जायचीही आता त्याला लाज वाटते, मी एवढ्या जवळ असते. मग डबा उचलतो आणि टोकाच्या संडासाकडे जातो. कमल दारात भाजी निवडत असते. आनंदीबाई वरून वाकून बघतात. तो परत येताना दिसला की मी इथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारते, "पाणी टाकलंस का रे?"

तो हो म्हणेपर्यंत विचारत राहते.

आई